पूर्ण कान

गाडीचा हॉर्न मी वाजवत नाही.
कुत्र्यांना माझा वास पुरतो.
जिनिंगमागच्या गल्लीत वळलो की आधी एक भुंकतं,
मग निम्मं चोपडा भुंकतं,
आणि मग माणसं.

आज पिंजऱ्यात एकच.
तांबडं, शेपटीच्या टोकाला चुना लागल्यासारखं पांढरं,
डाव्या कानाला ताजी खाच.
पाच दिवस शेडमध्ये होतं. टाके सुकले. सुई झाली.
वहीत क्रमांक एकशे बारा
आणि शेजारच्या रकान्यात माझंच गिचमिड अक्षर:
पकडल्याचं ठिकाण, रोहिदास कोळी यांचा ओटा.

जिथून उचललं तिथंच सोडायचं, असा नियम.
दहा पावलं इकडे नाही,
तापीपलीकडे तर नाहीच नाही.
मी लोटन बडगुजर, रोजंदारीवर.
नियम मी केला नाही,
मला तो पाठ आहे, एवढंच.

कोकिळाबाई ओट्यावर शेंगा फोडत होती.
हात थांबला नाही.
"आखो आठेच लई उना?"
मी म्हटलं, वहिनी, नियम शे.
"नियमले पोर शे का?"

पोर दारातच उभी. हर्षाली, दुसरीतली.
पोटरीवर चार दातांच्या जांभळ्या खुणा.
तिसऱ्या सुईला सरकारी दवाखान्यात लस संपलेली,
रोहिदासने केळीच्या ट्रकवरची एक खेप बुडवली
आणि एस.टी.ने जळगावला नेलं तिला,
पंचेचाळीस डिग्रीत, ओला रुमाल डोक्यावर टाकून.

आता खरं सांगतो, वहीत याला रकाना नाही.
चावलं ते काळं होतं.
मटणाच्या उकिरड्यावरचं, कान अखंड,
तीनदा जाळं टाकलं, तीनदा निसटलं.
तांबडं निसटलं नाही,
कारण मी यू यू केलं आणि ते शेपूट हलवत आलं.
जाळ्याला तेच सापडतं
ज्याला कुणीतरी कधी भाकरी टाकलेली असते.

माझा बाप झिपरू हेच काम करायचा.
तेव्हा पिंजरा नव्हता, लाडू होते.
सकाळी हातगाडी भरायची,
कचेरीच्या पायरीवर शेपट्या मोजून पैसे मिळायचे.
संध्याकाळी तो जेवताना हात दोनदा धुवायचा.
महिनाभर गल्ल्या गप्प.
मग हायवेकडून दुसरी यायची,
कुणाचीच नसलेली, कुणालाच न ओळखणारी,
आणि बाप पुन्हा लाडू वळायला बसायचा.

हे मी कोकिळाबाईला सांगितलं नाही.
पोटरीवर खुणा असलेल्या पोरीच्या आईला
काय सांगणार, की तुझं कुत्रं बरं, परकं वाईट?

दार उघडलं. तांबडं उतरेना.
हर्षालीने लांबूनच विचारलं, "कानले दुखनं का त्याले?"
दुखनं व्हई, म्हटलं.
तिने फ्रॉकची बाही वर केली, दंड बघितला,
बाही खाली केली.
मग ते उतरलं, कुणाकडेही न बघता
मोडक्या लोटगाडीखाली गेलं,
तीन गिरक्या घेतल्या, बसलं.
कोकिळाबाईने शेंगांची टरफलं त्याच्या दिशेने फेकली.
मारली की फेकली, कळलं नाही.

वहीत लिहिलं: सोडलं. वेळ, सव्वाअकरा.
शेरा कोरा.

पहाटे चारला रोहिदास केळी भरायला निघतो.
हातात काठी असतेच, ती काही सुटायची नाही.
पण परवा गाडी धुताना म्हणाला,
अंधारात काही हललं की बॅटरीचा झोत
आता तो आधी डोळ्यांवर टाकत नाही,
कानावर टाकतो.
खाच दिसली तर चालत राहतो.

कान पूर्ण दिसला,
तर जागच्या जागी थांबतो.
उकिरडा तिथून जवळच आहे.